लुथरन शाळा आणि मंडळ्या: तुमच्याकडे या सीझनला काय काय चाललंय?

गुळपोळी (सेंट लुईस, मिझुरी)

नमस्कार. बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागलीय म्हणून निवांत बसलेय. आमची लेक तिसरीत, घराजवळच्या लुथरन (मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) शाळेत जाते, प्रीस्कूलपासून तिथेच. इथे नवीन आलेल्या लोकांना कल्पना नसते पण सेंट लुईस आणि आजूबाजूला लुथरन शाळा भरपूर आहेत. त्याचं कारण जुनं आहे, १८३८-३९ मध्ये सॅक्सनीहून जहाजांनी आलेले जर्मन लुथरन लोक इथून दक्षिणेला पेरी काउंटीत वसले आणि धड घरं उभी राहिली नव्हती तेव्हाच त्यांनी ओंडक्यांच्या एका खोलीत शाळा काढली, ती खोली आल्टनबर्ग गावात अजून जपून ठेवलीय, आम्ही बघून आलोय. पुढे १८४७ मध्ये त्यांची मिझुरी सिनड, म्हणजे सगळ्या मंडळ्यांची संघटना झाली. त्यांच्यात मंडळी (एका चर्चचा सभासदवर्ग) म्हटली की शाळा आलीच, एकाच आवारात, त्यामुळे चर्चचं कॅलेंडर तेच शाळेचं कॅलेंडर.

तर आमच्याकडची खबर. ३१ ऑक्टोबर हा यांचा रिफॉर्मेशनचा (धर्मसुधारणेचा) दिवस, १५१७ साली ल्यूथरने विटेनबर्गला चर्चच्या दारावर ९५ मुद्दे ठोकले म्हणतात तो. शाळेत सगळी मुलं लाल टीशर्ट घालून, आणि चर्चमध्ये वेदीवरचं कापड, पास्टरांच्या गळ्यातला पट्टा, सगळं लाल. पुठ्ठ्याचा मोठा दरवाजा करून प्रत्येक वर्गाने त्यावर आपापला कागद ठोकला, तिसरीच्या कागदावर काय होतं तर "आम्हाला कशाबद्दल देवाचे आभार मानायचेत" याची यादी. शेवटी ल्यूथरच्याच गीताचं एक कडवं सगळ्यांनी जर्मनमध्ये म्हटलं, म्हातारी माणसं डोळे मिटून पाठ म्हणत होती.

दुसरी खबर गोधड्यांची. चर्चच्या तळघरात दर आठवड्याला आज्यांचा एक ग्रुप गोधड्या बांधायला बसतो, लुथरन वर्ल्ड रिलीफ नावाची त्यांची संस्था आहे १९४५ पासूनची, ती त्या गोधड्या जगभर जिथे पूर, भूकंप, युद्ध असेल तिथे पाठवते. माप ठरलेलं, ६० बाय ८० इंच. वर तुकडे जोडलेलं कापड, मध्ये जुनं ब्लँकेट किंवा कापूस, खाली चादर, आणि टाके न घालता वीतभर अंतरावर जाड दोऱ्याच्या गाठी मारायच्या. कापडावर क्रॉस किंवा बायबलचं वचन चालत नाही, झेंडा चालत नाही, कारण घेणारा कुठल्याही धर्माचा, देशाचा असू शकतो, हे मला फार आवडलं. ऑक्टोबरमध्ये पाठवायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गोधड्या चर्चच्या बाकांवर पसरून ठेवतात आणि लोक त्यांच्यावरच बसतात, अख्खं चर्च रंगीबेरंगी होऊन जातं. माझ्या दोन जुन्या सुती चादरी त्यात गेल्यात.

आता येत्या रविवारी, ३० नोव्हेंबरला ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा आगमनकाळ सुरू. तीन बुधवार संध्याकाळी सूप सपर आणि त्यानंतर छोटी उपासना. आणि २४ डिसेंबरला मुलांचा कार्यक्रम. तिसरीच्या मुलांना बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायातली वचनं पाठ म्हणायची असतात, लेकीला देवदूताचं वाक्य आलंय, "भिऊ नका" वालं. ती खूश आहे. आम्ही हिंदू, सासूबाई सांगलीला, त्यांना जरा कसंतरी वाटतंय, मला स्वतःला वाटतं तिने म्हणावं आणि नीट मनापासून म्हणावं. तुम्ही कुणी या सगळ्यातून गेलायत का? तुमच्याकडच्या मंडळ्यांची, शाळांची खबर पण टाका.

एल्बेकाठ (हॅम्बर्ग)

मस्त धागा. आमचा मुलगा इव्हँगेलिकल (इथे याचा अर्थ प्रोटेस्टंट) चर्चच्या किटात जातो, म्हणजे बालवाडी. इथे रिफॉर्मेशनचा दिवस २०१८ पासून सरकारी सुट्टी आहे, त्याआधी पूर्वेकडच्या राज्यांतच होती (२०१७ ला पाचशे वर्षं झाली म्हणून एकदा अख्ख्या देशाला मिळाली).

ॲडव्हेंटच्या बाबतीत हॅम्बर्गवाल्यांना रास्त अभिमान आहे कारण ते मेणबत्त्यांचं कडं इथलंच. योहान हिन्रिक विखर्न नावाच्या पास्टरने गरीब मुलांसाठी राउहेस हाउस म्हणून संस्था काढली होती, तिथली मुलं रोज विचारायची नाताळ कधी, तर १८३९ मध्ये त्याने बैलगाडीच्या चाकासारखं मोठं लाकडी चाक टांगलं आणि त्यावर चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक लावायची, मुलं दिवस मोजायला शिकली. आता घरोघरी फक्त चारच असतात. किटात मात्र या वर्षी मुलांनी जुन्या पद्धतीचं केलंय, सगळ्या मेणबत्त्यांचं, आणि रोज सकाळी कुणाची पाळी यावरून रडारड चाललीय.

२४ तारखेला दुपारी क्रिपनश्पील असतं, येशूजन्माचं नाटक, मुलगा मेंढी झालाय. कुणी जाणार असाल तर अर्धा तास आधी जा, वर्षभर रिकामी असणारी चर्च त्या दुपारी उभं राहायलाही जागा देत नाहीत. दानपेटीतले पैसे त्या दिवशी ब्रोट फ्युअर दी वेल्ट (जगासाठी भाकरी) या मदतसंस्थेला जातात, १९५९ पासूनची पद्धत.

मुलाने म्हणावं की नाही याबद्दल आम्हाला प्रश्नच पडला नाही खरं सांगायचं तर. मेंढी आहे, बें करायचंय :)

वाटसरू_पुणे

माझं मत वेगळं आहे आणि राग मानू नका. मेंढी होणं वेगळं आणि शास्त्रवचन पाठ करणं वेगळं. सात-आठ वर्षांच्या मुलाला जे पाठ करायला लावाल ते आत जाऊन बसतं, आपण पाढे, परवचा, शुभंकरोति त्याच वयात म्हणून घेतो ते उगाच नाही. शाळा चांगली आहे मान्य, पण ती शाळा कशासाठी काढलीय हे पण बघा. नंतर मुलगी म्हणाली मला बाप्तिस्मा घ्यायचाय तर काय कराल?

गुळपोळी

वाटसरू, राग कशाला, प्रश्न बरोबरच आहे आणि आम्ही दोघं यावर खूप बोललोय. त्यांनी काही लपवलेलं नाही. ॲडमिशनच्या वेळी प्रिन्सिपलनी समोर बसवून सांगितलं की इथे रोज धर्माचा तास आहे, दर बुधवारी चॅपल (शाळेची उपासना) आहे, ल्यूथरचं लहान कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक, १५२९ चं, ते मुलं थोडं थोडं पाठ करतात, आणि आमचा विश्वास मुलांना सांगणं हेच आमचं काम आहे, तुम्हाला हे चालत असेल तरच या. मला हा सरळपणा आवडला. बाप्तिस्म्याबद्दल आम्हाला इतक्या वर्षांत कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आणि घरी देवघर आहे, गणपती बसतो, शुभंकरोति पण होतं. तिला दोन्ही ठिकाणी काय चाललंय हे नीट कळतं, मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा शहाणी असतात. आठवीत कन्फर्मेशन (आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी) असतं तेव्हा तिच्या वर्गातले बरेच जण करतील, ती करणार नाही, तेव्हा तिला एकटं वाटेल का ही काळजी मात्र मला आहे.

दगडी_जिना (एरफुर्ट)

जर्मनीत कायदाच आहे की १४ वर्षांनंतर धर्माचं मुलाने स्वतः ठरवायचं, आईबापांनी नाही. शाळेत धर्माच्या तासाऐवजी एथिकचा (नीतिशिक्षणाचा) तास घेता येतो. माहितीसाठी.

आता एरफुर्टची खबर. १० नोव्हेंबरची संध्याकाळ, डोमप्लाट्झ, म्हणजे कॅथेड्रलसमोरचं मैदान. हा ल्यूथरचा वाढदिवस (१४८३), आणि दुसऱ्या दिवशी संत मार्टिनचा दिवस, ल्यूथरचा बाप्तिस्मा त्या दिवशी झाला म्हणून तर त्याचं नाव मार्टिन. म्हणून इथे कॅथलिक आणि लुथरन दोघं मिळून एकच कार्यक्रम करतात, कॅथेड्रलच्या त्या रुंद पायऱ्यांसमोर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं शे-दोनशे मुलं असतील, तिथे अख्खं मैदान कंदिलांनी भरलेलं, हजारो, बहुतेक शाळेत कागदाचे केलेले, काड्या हातात धरून. पाऊस भुरभुरत होता आणि आया कंदिलांवर छत्र्या धरत होत्या, स्वतःच्या डोक्यावर नाही. माझ्या शेजारच्या छोटीचा कंदील साळिंदराचा होता आणि त्याचा एक काटा सारखा गळून पडत होता, दर वेळी तिचे आजोबा वाकून उचलून परत चिकटवत होते. मार्टिनने आपला झगा अर्धा कापून भिकाऱ्याला दिला, तसं मुलं मार्टिन्सहॉर्नशेन म्हणजे शिंगाच्या आकाराचा पाव घेतात आणि अर्धा मोडून दुसऱ्याला देतात. मला न ओळखणाऱ्या मुलाने दिला.

ल्यूथर याच गावात १५०१ पासून शिकला आणि १५०५ ला इथल्याच ऑगस्टिनियन मठात गेला, त्यामुळे इथल्या मुलांना तो गावातला माणूस वाटतो. गुळपोळी, माझं मत विचाराल तर म्हणू दे. ती त्या वर्गाची आहे, तिला बाजूला बसवलंत तर तेच जास्त आत जाऊन बसेल.

अंगणातला_चाफा (अहिल्यानगर)

ताई, मी ख्रिस्ती आहे, लुथरन नाही, आमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पण आगमनकाळ, नाताळ सगळं तेच. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

एक, सासूबाईंना त्या अध्यायाचं मराठी आधी वाचून दाखवा. मेंढपाळ रानात रात्री कळप राखत बसलेत, त्यांना आधी बातमी मिळते, राजाला नाही, पुजाऱ्यांना नाही. आमच्याकडे नगर जिल्ह्यात ही गोष्ट सांगितली की धनगर वस्तीवरची म्हातारी माणसं पण मन लावून ऐकतात, कारण रानात रात्र काढणं त्यांना माहीत आहे. सासूबाईंना अनोळखी वाटणार नाही.

दोन, शाळेला विचारा की ती तिचं वाक्य इंग्रजीत म्हणून झाल्यावर मराठीत पण म्हणेल का. नाही म्हणणार नाहीत बघा. त्यांचे स्वतःचे पणजोबा जर्मनमध्ये म्हणत होते.

आणि वाटसरूदादा, तुमची काळजी समजते. आमची मुलं पण शाळेत सरस्वतीपूजनाला उभी राहतात, आम्ही घरी शांतपणे सांगतो आपलं काय आणि शाळेचं काय. सांगितलं की मुलांना जमतं.

तळ्याकाठी (मिनेसोटा)

आमच्याकडे जर्मन कमी, नॉर्वेजियन-स्वीडिश जास्त, आणि मंडळ्या बहुतेक ईएलसीएच्या (इव्हँगेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, १९८८ ला तीन लुथरन संघटना एकत्र येऊन झालेली, मिझुरी सिनडपेक्षा मोठी आणि बरीच मोकळी). आमची मराठी शाळा रविवारी दुपारी एका लुथरन चर्चच्या तळघरातल्या वर्गांत भरते, भाडं नाममात्र घेतात, फळ्यावर त्यांच्या संडे स्कूलची चित्रं आणि खाली आमची बाराखडी.

नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे लुटेफिस्क सपरचा सीझन. वाळवलेला कॉड मासा तीव्र क्षाराच्या पाण्यात भिजवून मऊ करतात, मग पुष्कळ पाणी बदलून उकडतात, वर वितळलेलं लोणी. वास येतो, खोटं बोलणार नाही, पण लोक तासतासभर अंतरावरून गाड्या काढून येतात आणि चर्चच्या बाकांवर नंबर घेऊन बसतात. त्याच्याबरोबर लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या. त्या लाटायला दोन दिवस आधी सगळ्या बायका जमतात. गेल्या वर्षी मी भाडं द्यायला गेले होते तर एक आजी म्हणाल्या तुझे लोक पोळ्या करतात ना, ये. लाटणं खाचांचं असतं आणि पीठ फार नाजूक, उलटवायला लांब चपटी काठी. पहिल्या दोन-तीन फाटल्या मग हात बसला. यंदा मला अधिकृत बोलावणं आहे आणि मी मराठी शाळेतल्या अजून चार जणींना नेणार आहे.

आणि नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेजचा ख्रिसमस फेस्टिव्हल, १९१२ पासून चालू आहे, पाच कॉयर (गायकवृंद) आणि ऑर्केस्ट्रा, तिकिटं मिळणं मुश्किल. एकदा तरी ऐका, टीव्ही-रेडिओवर पण लागतं.

पोफळी (उप्साला, स्वीडन)

इथे चर्च आणि सरकार २००० साली वेगळं झालं, त्याआधी स्वीडनचं लुथरन चर्च हे सरकारीच. त्यामुळे लुथरन शाळा असं वेगळं काही आमच्या वाट्याला आलं नाही, मुली साध्या म्युनिसिपल शाळेत जातात, पण ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि "होसान्ना" हे गीत सुरू झालं की चर्चला कधी न येणारे लोक पण मोठ्याने गातात.

१३ डिसेंबर लुसिया, दिव्यांचा सण. सकाळी अंधारात, इथे तेव्हा नऊच्या आसपास उजाडतं, मुली पांढरे झगे कमरेला लाल फीत, पुढच्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट, मुलगे पांढऱ्या शंकूच्या टोप्या आणि हातात चांदण्यांच्या काठ्या. छोट्यांचे दिवे आता बॅटरीचे असतात. मग केशराचे पाव, लुसेकाटर, एसच्या आकाराचे, दोन टोकांना दोन बेदाणे. धाकटीची लुसियाची ट्रेन (मिरवणूक) शाळेची तर आहेच आणि शिवाय चर्चच्या मुलांच्या कॉयरची पण, त्यामुळे दोन झगे धुवायचे आहेत.

जूनमध्ये शाळा संपते तेव्हाचा कार्यक्रम कित्येक ठिकाणी चर्चमध्येच होतो. त्यावर दर वर्षी पेपरात वाद असतो, शाळेने तिथे प्रार्थना ठेवायची नाही वगैरे. मला वाटतं वाटसरूंचा प्रश्न स्वीडिश लोक स्वतःलाच विचारत असतात.

सातपुडा (पांढुर्णा, सध्या नागपूर)

पोफळी, तुमचे स्वीडिश लोक आमच्याकडे पण येऊन गेले. १८७७ पासून त्यांचं मिशन नरसिंहपूर, सागर, छिंदवाडा या भागात काम करत होतं, शाळा, वसतिगृहं, दवाखाने काढले, आणि आज जे मध्य प्रदेशातलं इव्हँगेलिकल लुथरन चर्च आहे त्याचं केंद्र छिंदवाड्यालाच आहे. आमच्या घरातले मोठे लोक मराठी बोलणारे, सौंसर-पांढुर्ण्याकडचे, पण शिकायला छिंदवाड्याला जायचे. डिसेंबरात तिथे कॅरोलवाले रात्री घरोघरी ढोलक घेऊन फिरतात, हिंदी गाणी, मधूनच एखादं मराठी, आणि ज्याच्या दारात थांबतील त्याने चहा आणि काहीतरी गोड द्यायचं, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. मिशनची शाळा म्हणजे शिस्त आणि चांगलं इंग्रजी हे आमच्या भागात सगळ्यांना पटलेलं होतं.

साल_पलाश (रांची)

बदलीमुळे चार वर्षं रांचीत आहे. इथे लुथरन म्हणजे गोस्नर, बर्लिनच्या पास्टर गोस्नरनी पाठवलेले चार जण १८४५ ला इथे पोचले. मेन रोडवरचं क्राइस्ट चर्च १८५५ चं, १८५७ च्या उठावात त्याच्यावर तोफा डागल्या होत्या. १० जुलै १९१९ पासून चर्च पूर्ण स्वतंत्र, आणि सभासद बहुतेक सगळे उराँव, मुंडा, खडिया आदिवासी.

डिसेंबर लागला की इथे "क्रिसमस गॅदरिंग"ची रांग लागते, शाळेचं वेगळं, कॉलेजचं वेगळं, मोहल्ल्याचं वेगळं, ऑफिसात पण होतं. नागपुरी (इथलीच भाषा, नागपूरची नाही), मुंडारी, कुडुखमध्ये गाणी, मांदर (ढोल) वाजतो आणि हात हातात गुंफून रांगेने नाच. घरोघरी अरसा, तांदळाचं पीठ गुळाच्या पाकात मळून तळलेला. शेजाऱ्यांकडून डबाभर येतो.

पण मला विचाराल तर इथला सगळ्यात मोठा प्रसंग ईस्टरची पहाट. शनिवारपासूनच लोक कबरस्तानात जाऊन गवत काढतात, कबरी धुतात, चुना लावतात, फुलं ठेवतात, आणि रविवारी अंधार असतानाच मेणबत्त्या घेऊन सगळं कुटुंब तिथे, मुलं झोपेतून उठवून आणलेली, तिथेच उपासना. शेजारच्या काकूंनी आम्हाला नेलं. आपल्या आजोबांच्या कबरीपाशी मुलांना उभं करून त्यांनी सांगितलं हे कोण होते, कुठल्या गावचे, कुठल्या शाळेत मास्तर होते. ईस्टरच्या आधी परत लिहीन.

एल्बेकाठ

साल_पलाश, खरंच लिहा, यातलं काहीच माहीत नव्हतं.

वाटसरू_पुणे

वाचतोय सगळं. माझं मत पूर्ण बदललं नाही पण चाफाताईंचं उत्तर पटलं. घरी नीट बोलणं होत असेल तर ठीक.

गुळपोळी

आज २६ डिसेंबर, खबर देते. चाफाताई, तुमचं ऐकून शाळेत विचारलं, बाई लगेच हो म्हणाल्या, उलट वर्गातल्या अजून दोघांना विचारलं, एकाने स्पॅनिशमध्ये म्हटलं आणि एकीने अम्हारिकमध्ये, तिचे आईबाबा इथिओपियाचे, ते स्वतःच लुथरन आहेत (तिथलं मेकाने येसूस हे जगातल्या सगळ्यात मोठ्या लुथरन चर्चपैकी एक, हे मला परवा कळलं). लेकीने इंग्रजी झाल्यावर दम घेतला आणि "भिऊ नका" एवढ्या जोरात म्हणाली की पहिल्या बाकावरचं बाळ दचकलं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, सांगलीत पहाट, शाल गुंडाळून बसलेल्या. नंतर म्हणाल्या उच्चार चांगले आहेत, "मोठा आनंद" मधला ठ नीट आला. आणि तो मेंढपाळांचा भाग मी त्यांना आधी वाचून दाखवला होता, त्यांनी स्वतःहून पुढे काय झालं विचारलं.

शेवटी मुलांना कागदी पिशव्या मिळतात, शेंगा, संत्रं, गोळ्या, जुनी पद्धत. आम्हाला पण दिल्या.

अजून एक, कुणी पहिल्यांदा जाणार असाल तर: मिझुरी सिनडच्या मंडळ्यांत प्रभुभोजन (पाव आणि द्राक्षारसाचा विधी) साधारण त्यांच्याच सभासदांना असतं. बाकीच्यांनी बाकावर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही, किंवा हात छातीवर घडी घालून पुढे गेलात तर पास्टर आशीर्वाद देतात. आम्ही बसून राहतो.

नवी_वाट (कॅन्सस सिटी)

गुळपोळी, मुलगा पुढच्या वर्षी केजीला. लुथरन शाळा बघायची असेल तर कधी जावं? आणि सभासद नसलेल्यांना फी जास्त असते का?

गुळपोळी

जानेवारीच्या शेवटी नॅशनल लुथरन स्कूल्स वीक असतो, बऱ्याच शाळा त्याच आठवड्यात ओपन हाउस ठेवतात, तेव्हा जा, मुलं पण असतात वर्गात. बुधवारी गेलात तर चॅपल पण बघायला मिळेल, ते बघूनच ठरवा. फीचं म्हणाल तर सभासदांना सवलत असते बहुतेक ठिकाणी, आम्ही पूर्ण भरतो, पण आर्थिक मदतीचा फॉर्म वेगळा असतो तो मागून घ्या, स्वतःहून कुणी देत नाही. आणि धर्माच्या तासाला काय शिकवतात त्याचं पुस्तक बघायला मागा, दाखवतात.